मलमलीचा झगा: घरी शिवायच्या रीजन्सी पोशाखामागची गोष्ट

रीजन्सी झगा शिवायला घेणारे बहुतेक जण त्याचं चित्र समोरून बघतात आणि म्हणतात, यात काय आहे! छातीखाली नाडी, खाली सरळ घेर, वर आखूड फुग्याची बाही. परकर-पोलकं शिवता येणाऱ्याला हे दोन दिवसांचं काम वाटतं. मग कापड बेतलं जातं, शिवलं जातं, आणि आरशात दिसतो तो आपला नेहमीचा गाऊन, सकाळी दूधवाल्याला दार उघडताना घालायचा. माझंही पहिल्या खेपेला हेच झालं. शिवण ठीक होती, मापंही ठीक होती. हा झगा असा का बेतला जायचा, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

आधी नावाचं बघू. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे कारभार बघू शकेना, तेव्हा १८११ साली युवराजाला रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार बघणारा, नेमलं. १८२० मध्ये बाप वारला आणि युवराज चौथा जॉर्ज झाला. खरी रीजन्सी एवढीच, नऊ वर्षांची. याच नऊ वर्षांत इकडे खडकीची लढाई झाली आणि पेशवाई बुडाली. कपड्यांच्या बाबतीत मात्र हे नाव ऐसपैस वापरतात. साधारण १७९५ पासून १८२० च्या पुढेपर्यंत, कंबर छातीखाली होती तोवरचं सगळं रीजन्सी.

सुरुवात इंग्लंडात नाही, फ्रान्समध्ये झाली. अठराव्या शतकातला दरबारी पोशाख म्हणजे जाड रेशीम, आत ताठ कॉर्सेट आणि नितंबांवर दोन्ही बाजूंना पसरलेले सांगाडे. १७८३ मध्ये एलिझाबेथ व्हिजे ल ब्रां या चित्रकर्तीने राणी मारी आंत्वानेतचं एक चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लावलं. राणीच्या अंगात पांढऱ्या मलमलीचा सैलसर झगा, कंबरेला पट्टा, डोक्यावर गवती हॅट. लोक खवळले. एक तर तो झगा आतल्या कपड्यासारखा दिसत होता. दुसरं म्हणजे फ्रान्सच्या राणीने लिऑंचं रेशीम सोडून परदेशी सुती कापड नेसावं, हे विणकरांच्या पोटावर पाय देणं होतं. चित्र उतरवावं लागलं आणि त्या जागी रेशमी पोशाखातली, हातात गुलाब घेतलेली राणी टांगली गेली. झग्याचं नाव मात्र राणीच्याच नावाने चालू राहिलं.

पुढे क्रांती झाली, राणीचं मुंडकं गेलं, पण तिचा झगा उरला. आता त्याला ग्रीक-रोमन साज चढला. हर्क्युलेनियम आणि पाँपेईची उत्खननं शतकाच्या मध्यापासून चालू होती, आणि प्रजासत्ताकाच्या नव्या लोकांना प्राचीन प्रजासत्ताकांसारखं दिसायचं होतं. कंबर वर सरकत छातीखाली गेली, सांगाडे गेले, कापड अंगावरून सरळ खाली पडू लागलं. जाक-लुई दाविदने १८०० मध्ये रंगवलेली मादाम रेकामिए अशीच आहे: पांढरा झगा, उघडे पाय, कोचावर रेललेली. यात एक गंमत आहे. ज्या पांढऱ्याशुभ्र पुतळ्यांची ही नक्कल, ते पुतळे मुळात रंगवलेले असत. शतकानुशतकं मातीत राहून रंग उडाला आणि युरोपने पांढरा हाच अभिजात रंग ठरवून टाकला.

लंडनमध्ये लगेच टिंगल सुरू झाली. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने १७९६ च्या जानेवारीतच, बायकांचा पोशाख लवकरच असा होणार, म्हणून पार मांड्यांपर्यंत उघडी बाई काढली. झगा अंगाला चिकटावा म्हणून बायका तो पाण्याने भिजवून घालत, ही दंतकथाही त्याच जातीची. ती आजही अनेक ठिकाणी इतिहास म्हणून छापली जाते. मलमल नेसून पावसात सापडलेली कुणीही सांगेल, की भिजल्यावर ती ठिकठिकाणी गोळा होते. पुतळ्यासारख्या चुण्या काही पडत नाहीत.

हे सगळं घडलं ते एका कापडाच्या जोरावर, आणि ते कापड बंगालचं होतं. ढाक्याच्या आसपास, मेघना नदीच्या काठच्या गाळात फुटी कार्पास नावाचा कापूस होई. त्याचा धागा आखूड, एरवी कुणी नाक मुरडावं असा. पण तिथल्या हातांत तो विलक्षण बारीक निघे. ढाक्याचा इंग्रज सर्जन जेम्स टेलर याने १८४० मध्ये तिथल्या कामाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. कापूस विंचरायला बोआल माशाच्या जबड्याचं हाड घेत, कारण त्यावरचे बारीक वाकडे दात फणीसारखे चालत. सूत कातायचं ते पहाटे दव असताना, नाहीतर संध्याकाळी. दुपारच्या कोरड्या हवेत धागा तुटे. तरुण मुलींची नजर आणि बोटं लागत. अशा सुताच्या कापडांना नावं तरी कशी, तर शबनम म्हणजे दव आणि आबरवान म्हणजे वाहतं पाणी.

इंग्लंडात हे कापड म्हणजे प्रतिष्ठा होती. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’चा नायक बहिणीसाठी घेतलेल्या कापडाची फुशारकी मारतो ती पाच शिलिंग वार आणि अस्सल हिंदुस्थानी मलमल अशी. पण ती कादंबरी १८१७ च्या अखेरीस छापून आली तोवर ‘अस्सल’ म्हणायची वेळ आलेलीच होती. १७७९ मध्ये बोल्टनच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनने सूत कातायचं ‘म्यूल’ यंत्र तयार केलं. त्याचं एक नावच मुळी ‘मलमलीचा चरखा’ होतं, कारण तोवर इंग्लंडात मलमलीजोगं बारीक आणि पक्कं सूत निघतच नव्हतं. लँकेशर आणि स्कॉटलंडमधून गिरणीच्या सुताची मलमल बाजारात आली. तिचा कापूस अधिकाधिक अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या श्रमातून यायला लागला. १७९३ नंतर सरकी काढायचं यंत्र आल्यावर तर त्याला पूरच आला. हिंदुस्थानी कापडावर इंग्लंडात जबर जकात, आणि इकडे कंपनीचे गुमास्ते विणकरांच्या मानेवर. गरीब शिक्षिकेलाही पांढरा झगा परवडू लागला त्याच काळात ढाक्याची पेठ ओस पडत गेली. फुटी कार्पासची लागवडही पुढे थांबली. बांगलादेशात अलीकडे ते वाण शोधून पुन्हा मलमल विणायचे प्रयत्न चालू आहेत. आपल्या बाजारात मात्र ‘मलमल’ म्हणून मिळते ती वेगळ्या कापसाची आणि बरीच जाड.

या शब्दाची घसरण शिवणाऱ्याला रोज भेटते. अमेरिकन शिवणाच्या पुस्तकात ‘आधी मस्लिन करून बघा’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यांना स्वस्त कोऱ्या कापडावरचा कच्चा नमुना म्हणायचं असतं. आपण त्याला मांजरपाट घेतो. एकेकाळी ‘वाहतं पाणी’ म्हटलेल्या कापडाचं नाव आता कापून फेकायच्या कापडाला लागलं आहे.

आता कापडावरून कापाकडे. इतक्या विरळ, निसरड्या कापडाला चिमटे, म्हणजे आकारासाठी शिवून टाकलेल्या दुमडी, मानवत नाहीत. टाचणीचं भोकसुद्धा दिसतं. म्हणून १८०० च्या आसपासच्या झग्यांत पुढचा सगळा आकार नाडीवर सोडलेला असतो. गळ्याला बारीक नेफा, छातीखाली दुसरा, आत सुती फीत. ओढली की चुण्या. पुढून उघडणारा प्रकार तर बघण्यासारखा आहे. आत अस्तराच्या दोन झडपा असतात. त्या छातीवर एकमेकींवर घेऊन टाचणीने टाचायच्या. झग्याच्या पुढच्या पाटाला दोन्ही बाजूंनी वीतभर चीर असते. पाट एप्रनसारखा वर उचलायचा, त्याचे बंद मागे नेऊन गाठ मारायची आणि वरचा तुकडा खांद्यांशी टाचण्यांनी लावायचा. बटणं नाहीत, मदतीला कुणी नाही, एकटीने पाच मिनिटांत तयार. अंग जाड-बारीक झालं तरी झगा चालतोच.

आणि पाठ! या झग्याची सगळी कारागिरी पाठीत आहे. साडीवरचा ब्लाउज शिवणाऱ्यांना उंचीचा अंदाज लगेच येईल, जवळजवळ तेवढीच, छातीखाली संपणारी. पण ब्लाउजची शिवण खांद्याच्या माथ्यावर असते; इथे ती मागे उतरते. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मागच्या बाजूने खोल आत कापलेला, इतका की पाठीचा मधला तुकडा कंबरेशी जेमतेम तीन-चार बोटं उरतो. बाजूची शिवण काखेत नसतेच. ती मुंढ्याच्या मागून कमान घेत मध्याकडे येते. सगळं मिळून पतंगासारखा आकार दिसतो. बाही अशा मुंढ्यात बसली की खांदे आपोआप मागे ओढले जातात आणि माणूस ताठ उभं राहतं. घेराच्या चुण्याही पुढे नाहीत. पुढचा पाट सपाट, आणि सगळा झोल पाठीच्या त्या तीन-चार बोटांत कोंबलेला. माझा पहिला झगा गाऊन झाला तो इथे: मी चुण्या सगळीकडे सारख्या वाटल्या होत्या आणि मुंढा नेहमीच्या जागी ठेवला होता. दुसरा मांजरपाट मी फक्त पाठीसाठी खर्च केला, चार वेळा उसवला.

हे सगळं हातशिलाईचं. एलायस हाउच्या शिवणयंत्राचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. कापड महाग आणि शिलाई स्वस्त असा तो जमाना. त्यामुळे घेराच्या लांब शिवणी साध्या धावदोऱ्याच्या, उद्या उसवून कापडाचं दुसरं काही करता यावं म्हणून. ताण येतो तिथे, म्हणजे चोळीच्या भागात, उलटी टीप. गळ्याला आणि कडेला अगदी बारीक मुरड घालून हेम. घरोघरच्या बायका शर्ट, आतले कपडे, पोरांचे कपडे शिवत. झगा बेतायला मात्र बऱ्याचदा शिवणकरणीकडे जात, किंवा जुना झगा समोर ठेवून त्यावरून काढत. कागदी तयार नमुने फार पुढचे. चित्रं मात्र भरपूर होती. लंडनमध्ये १८०९ ला सुरू झालेल्या आकरमनच्या मासिकात तर सुरुवातीची काही वर्षं खऱ्या कापडाचे चौकोनी तुकडे चिकटवलेले असत.

आजच्या शिवणाऱ्यांचा आधार वेगळा आहे. जॅनेट अर्नल्ड या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी जुने कपडे प्रत्यक्ष मोजून त्यांचे आराखडे चौकटीच्या कागदावर उतरवले आणि १९६४ मध्ये छापले. त्यांच्यामुळे ‘चित्रात दिसतं तसं’ शिवण्याऐवजी ‘होतं तसं’ शिवता येऊ लागलं. इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये एक तपकिरी रेशमी लांब कोट जपलेला आहे, ओकच्या पानांच्या नक्षीचा, १८१२-१४ च्या सुमाराचा. तो जेन ऑस्टिनचा असावा असं मानतात. त्याच्या मापांवरून निघतं, की बाई उंच आणि शेलाट्या होत्या.

झग्याच्या आत काय, हा प्रश्न डिसेंबर २०२० मध्ये रीजन्सी काळावरची ‘ब्रिजर्टन’ मालिका आल्यावर पुन्हा निघाला. तिच्यात सुरुवातीलाच एका मुलीची कंबर दोरीने करकचून आवळताना दाखवली आहे. कंबर दिसतच नसेल तर ती आवळून करायचं काय? त्या काळची ‘स्टेज’ (stays) नावाची ताठ आतली चोळी छाती वर उचलून धरायला असे, पुढे मधोमध लाकडी पट्टी, आणि खाली अंगाला लागून शिफ्ट, म्हणजे सैल आतला झगा, असेच. घरी शिवणाऱ्याने इथे कंजुषी केली तर वरचा झगा कितीही नीट कापा, छातीखालची रेघ जागेवर राहत नाही. २०२२ च्या दुसऱ्या भागात मुंबईहून आलेल्या शर्मा भगिनी आहेत आणि धाकटीला मराठी येतं असं ऐकवलं जातं. त्यावर आपल्याकडे बरंच हसू झालं, कारण वडिलांना ‘अप्पा’ आणि बहिणीला ‘दीदी’ म्हणणारं ते घर नक्की कुठलं, हे कुणाला कळेना.

खरी विनोदी गोष्ट तर दरबारात होती. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिच्या दरबारी जायचं तर जुने सांगाडे घालायलाच लागत, आणि फॅशनने कंबर तर छातीशी नेलेली. परिणामी काखेखालूनच तंबू सुरू झाल्यासारख्या बायका दिसत. १८२० मध्ये चौथ्या जॉर्जने ते बंद केलं.

थंडीचं उत्तर शाल. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर काश्मिरी शालींचं वेड पसरलं, सम्राज्ञी जोसेफीनने त्यांचा ढीग जमवला, आणि स्कॉटलंडच्या पेझ्ली गावाने त्यांच्या नकला इतक्या विणल्या की आपल्या कुयरीचं इंग्रजी नावच ‘पेझ्ली’ झालं. शालींचे काठ वापरून तेव्हा झगेही शिवले गेले.

तेच आज साडीवर करतात. युरोप-अमेरिकेतल्या हौशी शिवणाऱ्या मुली बारीक काठाच्या जुन्या साड्या शोधत असतात: काठ झग्याच्या तळाला, पदर चोळीला आणि बाह्यांना. माझा तिसरा झगा आईच्या पांढऱ्या सुती साडीचा आहे. घेरात काठाला कात्री लावायची नाही म्हणून उंची वरूनच कमी केली. पदराचा एक वीतभर तुकडा उरला, त्यातून हातात लटकवायची चिमुकली पिशवी झाली. इतक्या पातळ झग्याखाली खिसे बांधता येत नव्हते, म्हणून त्या बायकाही असलीच पिशवी घेऊन हिंडत.