डोक्यावरची प्रत्येक गाठ म्हणजे टेंगूळ नव्हे

‘पोरगं पडलं असंल, तेल-हळद चोळा, जिरंल.’ लहान मुलाच्या डोक्यावर गाठ दिसली की धुळे-जळगावकडे हा सल्ला ठरलेला. पडल्याचं टेंगूळ सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. पण भुवईच्या बाहेरच्या टोकाशी, वाटाण्याएवढी, न दुखणारी, वरून कातडी सरकते पण खाली हाडाला धरून बसलेली गाठ बहुधा डर्मॉइड सिस्ट (कातडीच्या पेशी आत अडकून झालेली पिशवी) असते. जन्मजात. कॅन्सर नव्हे, पण चोळून जिरतही नाही (उलट फुटून सुजते). तिथे बहुधा आधी सोनोग्राफी पुरते. टाळूवर, नाकाच्या मुळाशी किंवा डोक्यामागे मधोमध असेल तर मात्र एमआरआयआधी सुई किंवा चिरा नको. तिची वाट आत मेंदूपर्यंत गेलेली असू शकते. दुखरी, भरभर वाढणारी गाठ हाड पोखरत असू शकते. तिला लगेच दाखवा, तुकडा तपासावा लागू शकतो.