वाडा उतरवला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा निघाल्या की 'वाडा पाडला, भाडेकरू संपला' ही समजूत पुन्हा कानी येते. ती चुकीची आहे. महापालिकेने वाडा उतरवला तरी खालची जमीन उरते आणि भाडेपट्टा तिच्यावरही असतो, त्यामुळे तो आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले. मालकालाच पाडून नवे बांधायचे असेल, तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार निधी आणि नकाशे तयार असल्याचे न्यायालयाला पटवावे लागते, शिवाय राहत्या भाडेकरूला जवळपास तेवढेच चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) नव्या इमारतीत देण्याची हमीही द्यावी लागते. मात्र घाईघाईत 'हक्क सोडला' अशा कागदावर सही केल्यास हे संरक्षण जाऊ शकते; आणि हक्क दाखवता यावा म्हणून खोल्यांची मोजमापे आणि भाडेपावत्या आधीच जपाव्यात.