प्रॉन कॉकटेल क्रिस्प्समध्ये कोळंबी असते का?

ब्रिटनमध्ये नव्याने गेलेल्यांना हमखास सांगितले जाते की, तिथल्या गुलाबी पाकिटातल्या प्रॉन कॉकटेल क्रिस्प्समध्ये, म्हणजे त्या चवीच्या बटाट्याच्या वेफर्समध्ये, कोळंबीची पूड असते. नाव वाचून तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु बहुतेक पाकिटांत ती नसते. ही चव मुळात प्रॉन कॉकटेल या पदार्थात कोळंबीवर घालतात त्या आंबटगोड गुलाबी सॉसची असून ती साखर, टोमॅटो-कांद्याची पूड आणि सायट्रिक ॲसिड यांतून साधली जाते. पडताळणी सोपी आहे: तिथल्या कायद्यानुसार १४ ॲलर्जीकारक घटक यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात आणि कोळंबी त्यांत मोडते. मांस मात्र त्या १४ मध्ये नाही, म्हणून बीफ चवीच्या पाकिटावरची यादी पूर्ण वाचावी. शाकाहारी व्यक्तींनी खरे तर चीज-कांद्याच्या पाकिटाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण काही चीज वासराच्या जठरातील रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) बनवतात. तिथे शाकाहारी असल्याची खूण शोधावी.