माया लोक 'गायब' झाले? अजिबात नाही!

पुण्यात स्पर्धा परीक्षावाल्या पोरांशी गप्पा मारताना हमखास ऐकू येतं, मेक्सिको-मध्य अमेरिकेतले प्राचीन माया लोक हजारेक वर्षांपूर्वी अचानक नाहीसे झाले म्हणे. साफ चूक. काही मोठी शहरं ओस पडली हे खरं, पण माणसं कुठं गेली नाहीत, आजही ग्वाटेमाला, मेक्सिकोत लाखोंनी राहतायत, आपापल्या भाषा बोलतायत.

आणि ह्या जिवंत लोकांवर काय गुजरलं ते आपल्याकडे कोणी सांगतच नाही, ह्याचाच जास्त राग येतो. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी चालली, सत्यशोधन आयोगाच्या हिशोबानं २ लाखांवर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, ओळख पटलेल्यांपैकी ८३ टक्के माया, आणि बहुतेक अत्याचार लष्कर नि त्याच्या साथीदारांचे. सामूहिक कबरी उकरून डीएनए जुळवून हाडं घरच्यांना द्यायचं काम त्यानंतर वर्षानुवर्षं चाललं. २०१३ मध्ये ईशिल ह्या माया समाजातल्या साक्षीदारांमुळे माजी हुकूमशहा रिओस माँटला वंशसंहार नि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल दोषी धरून ८० वर्षांची शिक्षा झाली, दहाच दिवसांत वरच्या कोर्टानं निकाल रद्द केला, २०१८ ला तो मेला. पण २०१६ मध्ये ग्वाटेमालातल्या सेपुर सार्को गावच्या माया बायकांनी लष्करी तळावरच्या लैंगिक गुलामगिरीची केस जिंकली, दोघांना जेल झाली.