हळदीच्या डागाचं करायचं काय?

होळीच्या आदल्या दिवशी वहिनींनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "भाऊजी, हे बघा, सुट्टीत लेकरांकडून करून घ्यायचंय." सुट्टीत घरच्या घरी करायच्या दहा सोप्या 'स्प्रिंग क्राफ्ट'चा व्हिडिओ होता. कागदी प्लेटचा ससा, चहाच्या पेल्याचं ट्युलिप, चमकी चिकटवलेली अंडी. सामानाची यादी मात्र सोपी नव्हती. ग्लिटर फोम, ग्लू गन, पाइप क्लीनर आणि असंच बरंच काही.

सशाशी माझं वैर नाही. तिकडे ईस्टर वसंतात येतो, ससा आणि अंडं त्यांच्या सणातलं आहे, आणि कांद्याच्या सालीत उकडून अंडी रंगवायची त्यांची जुनी रीत तर मला फार आवडते. पण परभणीत बसून लेकरांना ट्युलिप करायला लावायचं, तेही बाहेर पळस पेटलेला असताना? आपला वसंत वेगळा आहे. कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी, वसमतच्या बाजारात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि अकरा वाजताच डोळे मिटायला लावणारं ऊन. यातली शेवटची दोन, हळद आणि ऊन, एकत्र आणली की कॅमेऱ्याशिवाय फोटो काढता येतो. वहिनींना तसं सांगितलं. त्यांनी संशयानं बघितलं, पण ग्लू गनचे पैसे वाचणार म्हणून होकार दिला.

सुरुवात शर्टापासून केली. लग्नाच्या हळदीत माखलेला पांढरा शर्ट घरोघरी असतो. त्याला साबण लावला की पिवळा डाग एकदम लालभडक होतो. चौथीतली पुतणी पहिल्यांदाच बघत होती. "काका, हे लाल कामून झालं? रक्त निघालं का?" आईचा सल्ला ठरलेला: "उन्हात टाका, जाईल." आणि जातोही. साबणानं लाल होणं आणि उन्हानं उडून जाणं, या दोन गोष्टी आपल्याकडच्या प्रत्येक आजीला ठाऊक आहेत. आमची अख्खी हस्तकला एवढ्यावरच उभी आहे.

पहिला प्रयत्न फसला, चूक माझीच. मी हळद पाण्यात कालवली. कागदावर नुसता गाळ बसला आणि वाळल्यावर झडून गेला. हळदीला पिवळेपणा देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हे रसायनशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला आठवू नये! मग कोरोनाच्या काळापासून कपाटात पडून असलेली सॅनिटायझरची बाटली काढली. तो जेल नव्हता, पातळ होता, आणि अल्कोहोल सत्तर टक्के. अर्ध्या कपात दोन चमचे हळद टाकून हलवलं, दहा मिनिटं निवळू दिलं, फडक्यातून गाळलं. वर आला तो स्वच्छ, गडद केशरट अर्क. (हे मोठ्यांनी करावं, आणि गॅसपासून लांब. अल्कोहोल पेट घेतं.) जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशनं दोन हात दिले आणि कागद अंधाऱ्या खोलीत वाळवला. पुतणीनं कडुनिंबाची डहाळी आणली. सातवीतल्या भाच्याला पळसाचं पान हवं होतं. पण फुलं येतात तेव्हा पळसाला तीन काय, एकही पान नसतं, हे त्याला झाडाखाली उभं राहिल्यावर कळलं. त्यानं चिंचेची फांदी तोडली. कागदावर पाला, त्यावर फोटोफ्रेमची काच, कडेला चार दगड, आणि गच्ची.

अडीच तासांनी काच उचलली. उघडा कागद फिकट, जवळजवळ पांढरा झालेला, आणि त्यावर चिंचेची पर्णिका न् पर्णिका पिवळीधमक. मग धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी ब्रशनं मी स्वतः फिरवलं. त्यानं कातडीची आग होते, म्हणून लेकरांना हात लावू दिला नाही. पिवळी पानं डोळ्यांदेखत विटकरी-लाल झाली. पुतणी काहीच बोलली नाही, आणि आमच्या घरात ही घटना दुर्मीळ आहे.

आता हे का होतं ते सांगायचंय. इथं मी थोडा वाहवत जाईन.

कर्क्युमिनच्या रेणूत २१ कार्बन, २० हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असतात. दोन्ही टोकांना कार्बनचं एकेक षट्कोनी कडं आणि मधे सात कार्बनची साखळी, असा हा लांबट रेणू. या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. त्यामुळे दुहेरी बंधातले काही इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले राहत नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा वावर असतो. नागपंचमीचा झोका आठवा. दोर आखूड असेल तर झोका भराभर हलतो, लांब असेल तर संथ. इलेक्ट्रॉनच्या वावराची जागा म्हणजे त्या झोक्याचा दोर समजा. जागा आखूड असली तर इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर उडी मारायला जास्त ऊर्जेचा, म्हणजे भराभर कंप पावणारा अतिनील प्रकाश लागतो. तो आपल्याला दिसतच नाही, म्हणून असे पदार्थ बिनरंगी. कर्क्युमिनमधला दोर बऱ्यापैकी लांब आहे, त्यामुळे त्याला ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश पुरतो. पांढऱ्या उन्हातून जांभळा-निळा वजा झाला की उरलेलं आपल्या डोळ्याला पिवळं दिसतं. म्हणजे हळद पिवळा रंग 'देत' नाही, ती निळा खाते.

साबण, सोडा, चुना हे सगळे अल्कधर्मी. अल्काला हायड्रोजनचे आयन हवे असतात, आणि कर्क्युमिनकडं देण्याजोगे तीन आहेत: एक साखळीच्या मधोमध, एकेक दोन्ही टोकांना. ते गेले की मागं राहिलेला ऋणभार त्या फिरत्या इलेक्ट्रॉनांत मिसळून जातो. वरच्या पायरीवरची उडी आणखी स्वस्त होते. आता जांभळ्याऐवजी निळा आणि थोडा हिरवाही गिळला जातो, उरतो तो लाल. हा बदल सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्क मोजायची पट्टी) साडेसातच्या पुढं गेला की सुरू होतो. म्हणून खायच्या सोड्यानं कागद नारिंगी-तपकिरी होतो, धुण्याच्या सोड्यानं आणि चुन्याच्या निवळीनं रक्तासारखा. वर लिंबू पिळलं की हायड्रोजन परत मिळतात आणि लाल पुन्हा पिवळं. हा खेळ लेकरांनी त्या दुपारी वीस वेळा केला. पाडव्याची शुभेच्छापत्रं अशीच झाली: पिवळ्या कागदावर काडीनं साबणाच्या पाण्याची गुढी.

आणि ऊन? त्याची तऱ्हा वेगळी. सोड्यानं रेणू लगेच मोडत नाही, आधी फक्त त्याचा सूर बदलतो. उन्हात मात्र रेणूच तुटतो. ऊर्जा गिळून वर गेलेला इलेक्ट्रॉन दर वेळी निमूट खाली येत नाही. हवेतला ऑक्सिजन गाठ घालतो, साखळी मधेच तुटते, आणि तुकडे पडतात. त्यात व्हॅनिलीन असतं, व्हॅनिला आइस्क्रीमच्या वासाचं तेच रसायन. तुकडे आखूड, म्हणजे झोका आखूड, म्हणजे रंग नाही. यात एक गंमत आहे: रेणू जो प्रकाश गिळतो तोच त्याला मोडू शकतो. न गिळलेला प्रकाश नुसता निघून जातो. भाच्याला हे पटेना. म्हणून दुसऱ्या कागदावर अर्ध्या भागात लाल जिलेटिन पेपर ठेवला आणि अर्ध्या भागात निळा. निळ्याखालची हळद उडाली, लालखालची राहिली. साधी काच जास्त ऊर्जेचे अतिनील किरण अडवते, तरीही आमचं चित्र काचेखाली उमटलं, त्याचंही कारण हेच. जांभळा-निळा तिच्यातून आरपार येतो.

भाच्याचा पुढचा प्रश्न मात्र माझ्याहून हुशार होता. "मग वसमतला हळद शिजवून पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, ती पांढरी कामून होत नाही?" कारण ऊन हळकुंडाच्या सालीपलीकडं फारसं जात नाही. आमच्या कागदावर रंगाचा थर केसाहून पातळ होता, हळकुंडात तो बोटाएवढा जाड असतो. दळलेली हळद मात्र काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवू नये.

पुतणीच्या "रक्त निघालं का?" या प्रश्नाकडं परत येतो, कारण तो वाटतो तेवढा निरागस नाही. मराठवाड्यात भानामतीच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. दांडीवरच्या कपड्यांवर आपोआप डाग उमटतात, देवाच्या पाण्याचं रक्त होतं, मग कुणीतरी 'जाणता' येतो आणि कोंबडं मागतो. हळदीच्या पाण्यातून काढून वाळवलेलं फडकं आणि चुन्याची निवळी शिंपडलेला हात, एवढ्या भांडवलावर हे 'रक्त' काढता येतं, आणि लिंबू पिळून ते 'उतरवता'ही येतं! लिंबू का लागतं, हे आता चौथीतलं लेकरू सांगेल. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्यासाठी आयुष्य खर्ची घातलेल्या नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. कायदा हवाच. पण ज्या लेकरानं स्वतःच्या हातानं वीस वेळा हळद लाल-पिवळी केली आहे, त्याच्यासमोर त्या जाणत्याचा धंदा चालणं अवघड. दुसरी बाजूही सोडत नाही. कर्क्युमिनच्या गोळ्यांच्या जाहिराती वाचून हुरळून जाऊ नका. पाण्यात न विरघळणारा हा रेणू आतड्यातून रक्तात पोचतो तो अगदी जेमतेम. बरणीतली हळद भाजीत घाला, बाकीची कागदावर.

कुंकवाचं एक कोडं इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या पद्धतीच्या कुंकवात हळदीला टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबाचा रस देतात. मघाशी म्हटलं लिंबानं लाल पुन्हा पिवळं होतं, मग कुंकू लालच कसं राहतं? कारण हा लाल चुन्याचा लाल नव्हेच. टाकणखारात बोरॉन असतो. आम्लाच्या सोबतीनं बोरॉनचा एक अणू कर्क्युमिनच्या दोन रेणूंना, प्रत्येकाच्या साखळीच्या मधोमध असलेल्या दोन ऑक्सिजनांपाशी धरतो. दोन्ही रेणू एकमेकांना काटकोनात. या लाल संयुगाचं नाव रोझोसायनिन, आणि प्रयोगशाळेत पाण्यातला बोरॉन ओळखायला-मोजायला हीच प्रक्रिया वापरतात. हे सांगत असताना वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. वाचकही गेले असतील तर समजू शकतो. (टाकणखार लेकरांच्या हाती देऊ नये.)

पळसाचं थोडक्यात सांगतो. रंगपंचमीसाठी फुलं रात्रभर पाण्यात भिजवली की केशरी पाणी मिळतं, त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते गडद होतं. इथंही अल्कच, पण वेगळ्या वाटेनं: फुलातल्या बिनरंगी रेणूचं एक कडं उघडतं, झोका लांब होतो आणि रंग येतो.

चार कागदांपैकी एक मात्र हट्टी निघाला. हळद संपली म्हणून कोपऱ्यावरून सुटी आणली होती, तिचा कागद संध्याकाळपर्यंत तसाच पिवळाजर्द. उन्हाला दाद नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या हळदीवर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. गुलाबी झाली. तशी खरी हळदही होते, पण पाणी घातल्यावर तिचा गुलाबी जातो. हिचा गेला नाही. मेटॅनिल यलो नावाच्या कृत्रिम रंगाची ही खूण आहे. उरलेली पुडी फेकून दिली. भेसळ पकडण्यासाठी कुणी ही हस्तकला करावी असं मी म्हणणार नाही, पण आमच्याकडं पकडली गेली खरी.

हे सगळं नवं नाही. जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं फुलांच्या रसानं कागद रंगवून, उन्हात ठेवून अशीच चित्रं काढली होती, आणि १८४२ मध्ये त्यावर लिहिलंही. चांदीच्या क्षारांवरचा फोटो पक्का करायला हायपो नावाचं रसायन चालतं हे दाखवणारा माणूस हाच, पण फुलांच्या रसाचं चित्र पक्कं करायची युक्ती त्यालाही सापडली नाही. उपाय एकच: अंधारात ठेवणं.

आमची चिंचेची फांदी सध्या जुन्या दिवाळी अंकात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. पुतणी शाळेतून आली की रोज अंक काढून खिडकीशी नेते, चित्र उडालं का बघायला. काल म्हणाली, "काका, थोडं थोडं उडायलंय." तिनं बघणं थांबवावं असं तिला सांगायचं धाडस अजून मला झालेलं नाही.