कृत्रिम नाक म्हणजे ‘सौंदर्यखर्च’ नव्हे

‘कृत्रिम नाक, कान ही शोभेची वस्तू, अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) त्याचे पैसे देत नाही,’ हा समज चुकीचा आहे. आजार, अपघात, शस्त्रक्रिया किंवा जन्मजात दोषामुळे चेहऱ्याचा भाग गेला असेल, तर मेडिकेअर प्रोस्थेसिसचा, म्हणजे कृत्रिम अवयवाचा, खर्च मान्य करते. त्याने अवयवाचं काम परत येतं की नाही, ही अटच नाही. कर्करोगात नाक गमावलेल्या माणसाला ‘नटायची हौस’ म्हणणं क्रूर आहे.

गोंधळ बिलावर लिहायच्या कोडमुळेही होतो. डॉक्टरांनी स्वतः बनवलेल्या नाकाला २१०८७, तर डॉक्टर नसलेल्या कारागिराने बनवलेल्या नाकाला एल८०४० हा कोड. बदली नाक नव्या साच्यावरचं असेल तर केएम, जुन्या मूळ साच्यावरचं असेल तर केएन ही अक्षरं कोडला जोडतात. कृत्रिम अवयवाबरोबर वापरायची त्वचेची क्रीम मात्र खरोखरच स्वतःच्या खिशातून.