दिवाळीत फ्लॅट विकायचाय? रंगाच्या आधी कागद काढा

गणपती उठले की घर विकायला काढलेल्यांची लगबग सुरू होते. रंगारी बोलावला जातो, गळका नळ बदलला जातो, माळ्यावरचं सामान भंगारात जातं. दसऱ्याला गिऱ्हाईक यायचं तर घर नीटनेटकं हवंच. पण सोसायटीचं सचिवपद सांभाळताना मी जे व्यवहार अडलेले पाहिले, त्यातला एकही भिंतीच्या रंगापायी अडला नव्हता. कुठे कागद सापडला नव्हता, कुठे सही करणारा परदेशात होता, कुठे मुदत चुकीची समजली होती. म्हणून महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट पुनर्विक्रीला काढणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी दिवस मोजा. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम महिनाभर मिळतो आणि त्यात सुट्ट्याही येतात. त्याआधीच्या पितृपंधरवड्यात घर बघायला सहसा कोणी फिरकत नाही, पण सरकारी कचेऱ्या आणि बँका चालू असतात. तो पंधरवडा कागदांसाठी वापरा.

विकण्याचा हक्क नक्की कोणाचा?

सर्वात जास्त व्यवहार इथे अडकतात. वडील गेले, नामनिर्देशन आईच्या किंवा थोरल्याच्या नावे होतं, सोसायटीने भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, नाव चढवलं. घरच्यांना वाटतं, आता फ्लॅट त्यांचाच. तसं नाही. नामनिर्देशित व्यक्तीला सोसायटीच्या दप्तरी जागा मिळते, मालकी मात्र वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हेच सांगितलं: नामनिर्देशनाप्रमाणे नाव लावणं सोसायटीला बंधनकारक आहे, पण इतर वारसांचा हक्क त्याने संपत नाही. खरेदीदाराचा वकील सगळ्या वारसांच्या सह्या मागतो तो म्हणूनच. त्याच्यावर चिडू नका.

मार्ग दोन. सगळ्या वारसांनी मिळून विक्री करारावर सही करायची, किंवा बाकीच्यांनी एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. साध्या कागदावरचं किंवा नुसतं नोटरी केलेलं संमतीपत्र चालत नाही. परदेशातला भाऊ किंवा बहीण दिवाळीला दहा दिवस येणार असेल, तर ते दहा दिवस सोन्याचे आहेत, आणि त्यातले तीनचार सुट्टीत जातात हे विसरू नका. हक्कसोडपत्राचा मसुदा ती व्यक्ती विमानात बसण्याआधी तयार हवा. येणं शक्यच नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी, करता येतं. मात्र ते महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मूळ कागद कपाटात ठेवून ही मुदत घालवलेले लोक मी पाहिले आहेत, फार वाईट वाटतं.

वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, मूल असेल तर त्याच्या हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी लागू शकते. ती एका सणाच्या हंगामात मिळेल अशी आशा धरू नका. सोसायटीची जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी अटी असलेली, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीचा प्रश्न येतो, तोही आधीच विचारून घ्या.

नावातला फरक लहान वाटतो, पण नडतो. करारावर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी ठेवा आणि शक्य ते आधीच एकसारखं करून घ्या.

सोसायटीची ना-हरकत

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सहकार खात्याने सोसायट्यांसाठी तयार केलेल्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट हस्तांतरणाला सोसायटीची ना-हरकत लागतच नाही. विकणाऱ्याने सचिवाला पंधरा दिवसांची नोटीस द्यायची असते, एवढंच. मग लोक एनओसीसाठी हेलपाटे का घालतात? कारण खरेदीदार कर्ज काढतो आणि त्याची बँक ते पत्र मागते, तेही स्वतःच्या नमुन्यात. अर्ज केल्यास समितीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा असतो. आता हा महिना आणि घटस्थापना ते लक्ष्मीपूजनाचा महिना शेजारी ठेवून पाहा. दसऱ्याला अर्ज दिलात आणि समितीने पूर्ण मुदत घेतली, तर पत्र दिवाळीनंतर मिळेल. शिवाय दिवाळीत निम्मी समिती गावाला असते. म्हणून नोटीस अनंत चतुर्दशीच्या आसपासच द्या आणि तारीख घातलेली पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच धरलं जात नाही.

थकबाकी असेल तर हस्तांतरण होणार नाही, हे मात्र कायद्यातच आहे. वादातली रक्कम असली तरी आत्ता लेखी हिशोब मागा. हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं. त्यावर ‘विकास निधी’ किंवा ‘ऐच्छिक देणगी’ मागणाऱ्या समित्या आजही आहेत आणि सणाच्या घाईत असलेला माणूस मुकाट्याने देतो. हे चुकीचं आहे. मागणी लेखी द्या म्हणा, आणि दिली तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.

मूळ कागद

बिल्डरशी झालेल्या पहिल्या करारापासून तुमच्या करारापर्यंतची अख्खी साखळी लागते: प्रत्येक नोंदणीकृत करार, त्याची पावती, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा नोंदीचा उतारा). मधला एक करार गहाळ असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत, हे तिन्ही करा. नोटिशीत हरकतीसाठी दिलेले दिवसही तुमच्या मोजणीत धरा.

कर्ज फिटलं असेल तर कागद घरीच असतील असं गृहीत धरू नका, आज कपाट उघडून बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकांना बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. कर्ज अजून चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी मागवा. खरेदीदाराची बँक या दोन्हींशिवाय पुढे सरकत नाही.

मालमत्ता कराची आणि विजेची ताजी पावती, भाग दाखला, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत ही नेहमीची कागदपत्रं. ती जोडा.

दसऱ्यालाच सही हवी असेल तर

दसऱ्याला, लक्ष्मीपूजनाला, बलिप्रतिपदेला सुट्टी असते. मुहूर्तावर नोंदणी करायची म्हणून दोन्हीकडची माणसं अडून बसतात आणि मग पुढचा मुहूर्त शोधतात. याची गरज नाही. करारावर सही आणि कराराची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला दस्त सादर करता येतो. मुद्रांक शुल्क मात्र सहीच्या आधी, सही करताना किंवा फार तर लगेचच्या कामाच्या दिवशी भरलेलं हवं. २०२० च्या डिसेंबरअखेर शुल्कसवलत कमी होणार होती तेव्हा हेच समजून न घेता लोकांनी नोंदणी कार्यालयांत गर्दी केली. शुल्क भरून सही केलेल्यांना नोंदणीसाठी पुढे चार महिने होते.

मुहूर्तावर सही करा आणि नोंदणीची वेळ दिवाळीनंतरच्या शांत आठवड्यातली घ्या. पण चार महिने आहेत म्हणून चौथ्या महिन्याची वाट पाहू नका. उशीर झाला तर नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत दंड लागू शकतो. नोंदणीच्या दिवशी मूळ ओळखपत्रं आणि साक्षीदार न्यायचे. फोटो आणि अंगठा तिथेच घेतात.

पैसे

विसाराची रक्कम रोखीत घेऊ नका, मुहूर्ताचं पाकीट म्हणूनही नको. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापून तुमच्या पॅनवर भरतो. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा आणि ५० लाखांचा नियम लागूच होत नाही, कपात बरीच मोठी होते. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळवता येतं, पण त्याला वेळ लागतो. भाऊ विमानतळावर उतरल्यावर अर्ज करून ते हातात पडणार नाही.

नोंदणी झाल्यावर खरेदीदार सभासदत्वाचा अर्ज देतो. सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर त्याला सभासद मानलं जाण्याची तरतूद कायद्यात आहे. तोवर देखभालीची बिलं तुमच्याच नावाने निघतील, म्हणून ताबा कोणत्या तारखेला दिला आणि त्यानंतरचा खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्या.